एकासनी मोटार आणि राष्ट्राचा रंग

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौकात सायंकाळच्या वेळी घटकाभर उभे राहिले, तर एक मौज पाहावयास मिळते. रिक्षा, स्कूटरी, मोटारी, सायकली अशी नाना तऱ्हेची वाहने घड्याळाच्या मनोऱ्याभोवती वळसे घेत असतात. आणि चालविणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी मान वर करून त्या घड्याळाकडे पाहतो. मोटारींची शर्यत म्हणजे तरी काय? त्याच त्या वाटेने पुन्हा पुन्हा वळसे घालणे. भेद एवढाच की, तेथे वाहन चालविणाऱ्याचे सारे चित्त घड्याळात गुंतलेले असते.

कालगणनेची गोष्ट उज्जैनला नवी नव्हे. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेषा याच नगरीवरून नेली होती. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे, असे जुने कोष्टक आहे. त्या हिशेबाने एक विपळ म्हणजे सेकंदाचे ०.४ एवढा काळ. पंचांगाबाहेर या विपळाचा उपयोग कोणाला होत असेल, असे सहसा वाटत नाही. पण ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणारी शर्यतीची मोटार एका विपळात सुमारे २२ मीटर अंतर तोडते. शर्यतीतील घड्याळे तर सेकंदाचा हजारावा भाग मोजतात. तेवढ्यात ती मोटार साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटे, पुढे सरकलेली असते. या तीन बोटांवरून पहिला कोण आणि दुसरा कोण, हे पुष्कळदा ठरते.

अशा मोटारी चालविणारी मुले पंधरा-सोळा वर्षांची असतात, आणि त्यांची राष्ट्राराष्ट्रांमधील स्पर्धाही भरते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे ‘फिया’ने, २०१९ साली इटलीत रोमजवळच्या वालेलुंगा येथे मोटारखेळांचा पहिला राष्ट्रमेळा भरविला. ऑलिंपिकच्या धर्तीवर तेथे सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदके ठेवण्यात आली. त्या वर्षी सहा क्रीडाप्रकार होते. त्यांपैकी एक म्हणजे ‘फॉर्म्युला ४’ या एकासनी मोटारींची शर्यत. पुढे जागतिक साथीमुळे दुसरा मेळा लांबला आणि तो २०२२ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये मार्सेलजवळच्या पॉल रिकार मार्गावर झाला. तिसरा २०२४ साली स्पेनमधील व्हॅलेन्सियात भरला. या शर्यतीत एका राष्ट्राचा एकच चालक उतरतो. मोटार मात्र सर्वांना एकाच जातीची मिळते.

ही अट वरवर साधी दिसली, तरी तिच्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा वाद आहे. मल्ल आखाड्यात उतरला की त्याचे बळ आणि त्याचे डाव एवढेच पाहावयाचे असतात. परंतु मोटारीच्या शर्यतीत माणसाच्या हाताखाली यंत्र असते. मग जिंकले कोण, चालक की यंत्र? आणि राष्ट्राचा विजय म्हणावयाचा, तर राष्ट्राचे नेमके काय जिंकले?

१९०० साली या प्रश्नाला एक सरळ उत्तर देण्यात आले होते. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वृत्तपत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी राष्ट्रांच्या स्पर्धेसाठी एक चषक ठेवला. एका राष्ट्राच्या तीनच मोटारी, आणि त्या मोटारीचा प्रत्येक भाग त्याच देशात घडविलेला असला पाहिजे, असा त्याचा नियम होता. थोडक्यात, ती कारखान्यांची परीक्षा होती. फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा, असे रंग राष्ट्रांना वाटून देण्याची प्रथा याच स्पर्धेतून पडली. इंग्लंडच्या हिरव्या रंगाची कथा गमतीची आहे. १९०२ साली इंग्रज चालक सेल्विन एज याने चषक जिंकला, त्यामुळे पुढची शर्यत भरविण्याचा मान इंग्लंडकडे आला. पण त्या देशाच्या कायद्याने रस्त्यावर ताशी १४ मैलांहून अधिक वेगाने मोटार हाकण्यास बंदी होती! अखेर खास कायदा करून १९०३ ची शर्यत आयर्लंडात घ्यावी लागली, आणि त्या हिरव्या भूमीचा मान राखण्यासाठी इंग्रजी मोटारी हिरव्या रंगविल्या गेल्या. शर्यत मात्र जिंकली ती जर्मनीच्या मर्सिडीजमधून धावलेल्या कामिल येनात्झी याने. हा येनात्झी स्वतः बेल्जियमचा होता, याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही; कारण स्पर्धा माणसांची नव्हे, यंत्रांची होती. पुढे हीच अट स्पर्धेला भोवली. फ्रान्समध्ये मोटारींचे कारखाने पुष्कळ, आणि जागा मात्र तीनच. फ्रेंच कारखानदार रुसले, १९०५ नंतर चषक बंद पडला, आणि १९०६ साली ल मां येथे त्यांनी आपली स्वतंत्र ‘ग्रां प्री’ सुरू केली. तिच्यातूनच आजचे कारखान्यांचे आणि संघांचे शर्यतजग वाढले. राष्ट्र मागे पडले, उरला तो केवळ रंग. आणि पुढे जाहिरातींनी तोही पुसला.

शंभर वर्षांनी या कल्पनेचे पुनरुज्जीवन झाले ते दुबईच्या राजघराण्यातील शेख मक्तूम यांच्या हातून. त्यांच्या ‘ए-वन ग्रां प्री’ या स्पर्धेची पहिली शर्यत २००५ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे झाली. तिने जुना नियम उलटा केला. मोटारी सर्वांना सारख्याच. चालक मात्र त्या त्या राष्ट्राचाच असावयाचा. भारताचा तिरंगी मोटारीचा संघ पहिल्या मोसमापासूनच तीत होता. १६ डिसेंबर २००७ रोजी चीनमधील झुहाई येथे नारायण कार्तिकेयन याने मुख्य शर्यत जिंकली, आणि पुढच्या मे महिन्यात ब्रँड्स हॅच येथे पुन्हा एकदा. कार्तिकेयन हा २००५ साली ‘फॉर्म्युला १’मध्ये उतरलेला पहिला भारतीय. तेथे त्याची गाडी मंद होती, म्हणून तो मागे राही. येथे गाडी सर्वांसारखी मिळाली आणि तो पहिला आला. यंत्राचा वाटा वेगळा काढला म्हणजे माणसाचे मोल कसे कळते, याचा याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही. दुर्दैवाने त्या स्पर्धेचा खर्च तिच्या चालकांना झेपला नाही. २००९ साली तिचे दिवाळे निघाले.

फॉर्म्युला ४ ची राष्ट्रस्पर्धा त्याच मार्गाने आणखी एक पाऊल पुढे जाते. येथे यंत्र सारखे, आणि माणूस कोवळा. मुळात फॉर्म्युला ४ ही श्रेणी फियाने २०१४ साली आखली, ती लहान कार्टगाड्यांतून मोठ्या शर्यतींकडे जाणाऱ्या मुलांसाठी. वयाची किमान अट १५ वर्षांची. ज्या देशात रस्त्यावर मोटार चालविण्याचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, तेथील मुलगा अशा शर्यतीतून घरी परतताना स्वतः मोटार हाकू शकत नाही, हा एक विनोदच म्हणावयाचा. मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगळ्या शर्यती नसतात, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

एकासनी मोटार ही नेहमीच्या मोटारीची लहान आवृत्ती नव्हे. चालक मध्यरेषेवर, जवळजवळ आडवा पडल्यासारखा बसतो. पाय पुढच्या चाकांच्या दिशेने पसरलेले, इंजिन पाठीमागे. चारही चाके अंगाबाहेर उघडी. डोक्यासभोवती धातूची एक कमान असते. अपघातात उडून आलेले चाक चालकाच्या डोक्यावर आदळू नये, म्हणून. पुढे आणि मागे लहान पंख बसविलेले असतात. विमानाचा पंख विमानाला उचलतो, तर हे पंख उलटे असल्याने मोटारीला जमिनीवर दाबून धरतात. वेग जितका अधिक, तितका दाब अधिक आणि तितकी चाकांची पकड घट्ट. म्हणूनच येथे एक विलक्षण प्रकार घडतो. एखादे वळण भीतीने हळू घेतले, तर पंखांचा दाब कमी पडून मोटार घसरते. तेच निर्धाराने वेगात घेतले, तर ती चिकटून राहते. नवख्या मुलाला बुद्धीने हे पटते, पण पायाला पटावयास वेळ लागतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. इंदूर-उज्जैन रस्त्यावर ट्रकच्या मागोमाग सायकल हाकली की पेडल हलके लागते, हे पुष्कळांनी (नसत्या धाडसाने) अनुभवलेले असेल. पुढचे वाहन हवा फाडते, मागच्याला ती वाट आयती मिळते. शर्यतीत सरळ पट्ट्यावर मागचा चालक असाच लाभ घेतो. पण वळण आले की तीच विस्कटलेली हवा त्याच्या पंखांना पुरेसा आधार देत नाही, आणि पकड सुटू लागते. तेव्हा किती जवळ राहावयाचे, कोठे किंचित बाजूला व्हावयाचे, ब्रेकवर पाय कोणत्या खुणेपाशी ठेवावयाचा, हे सारे विपळाच्या आत ठरवावे लागते. मोटारी सारख्या असल्या म्हणजे उरते ते एवढेच, आणि हे एवढेच फार असते.

२०२२ च्या पॉल रिकार येथील शर्यतीत इटलीच्या आंद्रेआ किमी अँतोनेल्ली या सोळा वर्षांच्या मुलाने सुवर्णपदक मिळविले. तेही पात्रता शर्यतीत मनगटाला दुखापत झालेली असताना. २०२५ साली तो मर्सिडीजच्या संघातून फॉर्म्युला १ मध्ये दाखल झाला. मराठी वाचकाला यात एक निराळेच कौतुक वाटेल. सुवर्णपदकानंतर काही महिन्यांतच, २०२३ च्या प्रारंभी, याच मुलाने मध्यपूर्वेतील ‘फॉर्म्युला रीजनल’ स्पर्धेचे अजिंक्यपद जिंकले, ते ‘मुंबई फाल्कन्स’ या संघाच्या नावाने! राष्ट्राच्या मेळ्यात इटलीचा असलेला मुलगा एरवीच्या शर्यतीत मुंबईचा होऊ शकतो. याच संघातून २०२१ साली मुंबईच्या जेहान दारूवाला यानेही आशियाई फॉर्म्युला ३ स्पर्धेत भाग घेतला होता. दारूवालाने त्याआधीच, २०२० च्या डिसेंबरात बाहरीन येथे, फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकली होती. त्या श्रेणीत शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय.

मग राष्ट्राचा रंग कोणत्या मुलाच्या अंगावर चढावयाचा, हे ठरते कोठे? उत्तर शर्यतीच्या मार्गावर नव्हे, त्याच्या सात-आठ वर्षे आधी, कार्टिंगच्या लहानशा धावपट्टीवर सापडते. कार्ट ही दिसावयास खेळण्यासारखी. पण तिला स्प्रिंग नसतात, आणि तिची मागची दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असतात. वळताना आतले मागचे चाक किंचित उचलले गेल्याखेरीज ती नीट वळत नाही. भार कोठून कोठे सरकतो, हे मुलाच्या पाठीला आणि कमरेला येथेच कळते. पुस्तकातून ते कळण्यासारखे नाही. ज्या देशात अशा धावपट्ट्या गावोगाव आहेत, त्या देशाला शेकडो मुलांतून एक निवडता येतो. इटलीच्या यशाचे मर्म रक्तात शोधण्यापेक्षा या धावपट्ट्यांत शोधावे, हे बरे.

महाराष्ट्रात या बाबतीत कोल्हापूरचे नाव घ्यावे लागेल. कुस्तीच्या या गावात कार्टिंगची धावपट्टी उभी राहिली, आणि तेथील कृष्णराज महाडिक या तरुणाने इंग्लंडमधील ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत मजल मारली. परंतु युरोपातील फॉर्म्युला ४ चा एक मोसम म्हणजे कोट्यवधी रुपयांचा खर्च. टायर, इंजिनाची देखभाल, यंत्रज्ञांचे वेतन, प्रवास, यांचा भार सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातला नव्हे. २०२३ पासून भारतातच फॉर्म्युला ४ ची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्याने ही अडचण थोडी हलकी झाली. २०२४ साली तिची एक फेरी चेन्नई शहराच्या रस्त्यांवर, रात्री दिव्यांच्या उजेडात झाली. पण पहिल्या दोन्ही मोसमांच्या शर्यती तमिळनाडूतच झाल्या, आणि दोन्ही वर्षांचे अजिंक्यपद परदेशी मुलांकडे गेले.

माळव्याची स्थिती तर अधिकच चमत्कारिक आहे. इंदूरपलीकडे, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे ‘नॅट्रॅक्स’ हे मोटारी पारखण्याचे केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या लंबवर्तुळाकार वेगमार्गाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झाले. आशियातील सर्वांत लांब वेगमार्ग, असे तेव्हा सांगण्यात आले. त्याच्या वळणांवर ताशी ३७५ किलोमीटरपर्यंतचा वेग सोसेल, अशी त्याची रचना आहे. हा मार्ग कारखान्यांच्या चाचण्यांसाठी आहे, शर्यतींसाठी नव्हे. लंबवर्तुळावर सतत एकाच वेगाने धावून मोटार पारखता येते, चालक पारखता येत नाही. तरीसुद्धा २००७ पासून पीथमपूरच्या मातीत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी आपल्या हातांनी बांधलेल्या खडबडीत एकासनी गाड्या घेऊन ‘बाहा’ स्पर्धेसाठी उतरत आले आहेत, आणि त्यांत पुण्या-मुंबईच्या मुलांचा भरणा मोठा असतो. ही मुले गाडी बांधावयास शिकतात ती विसाव्या वर्षी. फॉर्म्युला ४ चा चालक त्या वयाला पुढच्या श्रेणीत तरी गेलेला असतो, नाही तर शर्यत सोडून घरी परतलेला असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कार्टवर बसावयाचे असेल, तर टावर चौकापासून त्याच्या वडिलांना किती दूर जावे लागेल, हा प्रश्न पीथमपूरच्या त्या ११.३ किलोमीटरांनी अद्याप सुटलेला नाही.