पेल्विक एक्झेंटरेशन: एवढ्या मोठ्या ऑपरेशनने हाती काय लागतं?

आजचा विषय जरा जड आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर बराच पसरल्यावर सापडला, तर पहिला उपचार सहसा ऑपरेशन नसतो. रेडिएशन आणि जोडीला केमोथेरपी देतात. बऱ्याच जणी त्यातून बऱ्या होतात. काहींना मात्र तो त्याच जागी परत होतो, आणि तिथे पुन्हा पूर्ण रेडिएशन देणं अवघड असतं. अशा वेळी काही निवडक जणींसाठी पेल्विक एक्झेंटरेशनचा विचार होतो.

यात गर्भाशय, योनीमार्ग आणि गरजेप्रमाणे मूत्राशय, गुदाशय किंवा दोन्ही काढतात. मग लघवी आणि शौचासाठी पोटावर नवी वाट करून पिशवी लावतात. दोन्ही अवयव गेले, तर बहुतेक वेळा पिशव्याही दोन.

हे ऑपरेशन न्यूयॉर्कच्या डॉ. अलेक्झांडर ब्रुनश्विग यांनी १९४८ मध्ये जगापुढे मांडलं. त्यांच्या पहिल्या २२ रुग्णांपैकी ५ जणी ऑपरेशनमुळेच दगावल्या. आज अनुभवी केंद्रांत हे प्रमाण साधारण ५ टक्क्यांच्या आत आलंय. पण जंतुसंसर्ग, जखम न भरणं, आतड्याला किंवा मूत्रमार्गाला गळती असे त्रास आजही निम्म्याहून जास्त जणींना होतात.

मग जगतात किती? वेगवेगळ्या नोंदींत पाच वर्षांनी साधारण ३० ते ६० टक्के. एवढा फरक का? कारण बरंच काही एका गोष्टीवर ठरतं: काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी उरल्या की नाही. कडा स्वच्छ, तर आशा बरीच. पेशी उरल्या, तर एवढं सोसूनही फायदा फार कमी.

म्हणूनच आधी पेट स्कॅन आणि एमआरआय करतात. कॅन्सर फुप्फुसात किंवा यकृतात पोचला असेल, तर सहसा हे ऑपरेशन करत नाहीत. एका पायाला सूज, मांडीतून खाली जाणारी कळ आणि त्याच बाजूची तुंबलेली किडनी, हे तिन्ही एकत्र दिसलं तर रोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेल्याची शंका येते.

जगण्याचे आकडे मोजता येतात, पण शरीराकडे बघण्याची नजर, लैंगिक संबंध, पिशवीसकट बाहेर पडण्याची हिंमत यांचं काय? हे ऑपरेशनच्या आधीच बोलायला हवं, आणि पेशंटसमोर, तिला बाहेर बसवून नव्हे.

डॉक्टरांना तीन प्रश्न नक्की विचारा. कडा स्वच्छ निघण्याची शक्यता किती? तुमच्याकडे अशी ऑपरेशन्स किती होतात? आणि नाही केलं, तर वेदना कमी ठेवण्यासाठी काय करता येईल?

‘नको’ म्हणणं हाही एक निर्णय असतो. पण तो माहिती घेऊन झालेला असावा, आणि तिचा असावा.