यंत्रालाही ऊन लागतं!

मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांवर गेला की आपण कूलरसमोर बसतो. पण दालमिलमधल्या यंत्रांचं काय होत असेल बरं?

अकोल्यात पुष्कळ दालमिल आहेत. मिलमधल्या मोटारीचा वेग कमी-जास्त करायला ‘ड्राइव्ह’ नावाची पेटी लावतात. तिच्यातले सिलिकॉनचे स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. या धावपळीत १०० वॉटमागे दोन-तीन वॉटची उष्णता होते. म्हणजे १० किलोवॉटच्या मोटारीमागे दोनशे-तीनशे वॉट! जणू पेटीत १०० वॉटचे दोन-तीन पिवळे दिवेच जळताहेत.

ही उष्णता बाहेर कशी काढायची? चहा बशीत पसरला की लवकर निवतो ना? तीच युक्ती! स्विचच्या पाठीशी कंगव्यासारख्या दातांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. दात जास्त, तेवढा हवेचा स्पर्श जास्त. पंखा त्यातून वारा खेळवतो.

बरेच ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच पूर्ण भार घेतात. आपला उन्हाळा तर त्याच्याही पुढे! त्यात डाळीचा भुसा दातांत अडकला, की ड्राइव्ह जळू नये म्हणून आपणच बंद पडतो. मिल थांबली, की कुणाच्या तरी बाबांची रोजी बुडते. कूलरचा ओला वाराही चालत नाही; ओलाव्याने आतले भाग बिघडतात. वीज बंद करून जाणकाराने वेळेवर भुसा झाडणं, हाच सोपा उपाय.

आता उठा पाहू! घरातल्या टीव्हीच्या जाळीवर कापड तर झाकलेलं नाही ना?