अर्धवाहक स्मृतीचे पुनर्भरण : ऊर्जा आणि विश्वसनीयता

संगणकाच्या मुख्य स्मृतीस ‘डायनॅमिक’ हे विशेषण लावतात, ते तिच्या वेगामुळे नव्हे. तिच्यातील नोंद आपोआप टिकत नाही म्हणून. रॉबर्ट डेनार्ड यांनी आयबीएममध्ये १९६६ साली कल्पिलेल्या आणि १९६८ साली पेटंट मिळालेल्या रचनेत एक ट्रान्झिस्टर व एक धारित्र मिळून एक कोष्ठ होते. धारित्रात विद्युतभार असणे वा नसणे, म्हणजेच एक वा शून्य. परंतु हा भार सतत गळतो. तो ओळखण्यापलीकडे क्षीण होण्यापूर्वी कोष्ठ वाचून पुन्हा भरावे लागते. या क्रियेस आपण पुनर्भरण म्हणू.

डीडीआर-४ मानकानुसार सामान्य तापमानात प्रत्येक ओळीचे पुनर्भरण ६४ मिलिसेकंदांत एकदा व्हावे लागते. उष्णतेने गळती वाढते, यास्तव ८५ अंश सेल्सिअसच्या वर ही मुदत निम्मी होते. स्मृतीचा कोणी उपयोग करीत नसले तरी हा वीजखर्च चुकत नाही.

तथापि, ही मुदत बहुसंख्य कोष्ठांच्या सामर्थ्यावरून ठरलेली नाही. बहुतेक कोष्ठे भार याहून पुष्कळ अधिक काळ धरून ठेवतात. मुदत ठरते ती विरळ अशा दुर्बळ कोष्ठांवरून. खर्च मात्र सर्वांवर पडतो. २०१२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी यावर उपाय सुचविला : ओळींची धारणकालानुसार वर्गवारी करावी, दुर्बळ ओळी पूर्वीप्रमाणेच भराव्यात, उर्वरित २५६ मिलिसेकंदांनी. असे केल्यास सुमारे तीन-चतुर्थांश पुनर्भरणे वाचतात.

येथे एक अडचण उभी राहते. काही कोष्ठांचा धारणकाल स्थिर नसतो. परीक्षेच्या वेळी सबळ ठरलेले कोष्ठ पुढे अकस्मात दुर्बळ होते. शेजारच्या कोष्ठांतील नोंदींचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून एकदा केलेली वर्गवारी कायमची हमी देऊ शकत नाही. तिच्या जोडीस दोषशोधक व दोषनिवारक संकेत ठेवणे इष्ट होय. भाषेच्या अभ्यासकास हे तत्त्व अपरिचित नाही. ‘चांगली मुलगी आली’ या वाक्यात स्त्रीलिंगाची खूण तीन वेळा येते. एक खूण ऐकू आली नाही, तरी उरलेल्या दोन अर्थ सावरतात. अर्थात, अशा पुनरुक्तीसही जागा व वीज लागतेच.

मग काटकसर कोठवर करावी? चित्रातील एक ठिपका बदलला तर डोळ्यास कळतही नाही. रुग्णास द्यावयाच्या औषधाच्या मात्रेतील एक अंक बदलला तर अनर्थ ओढवतो. दोन्ही नोंदी एकाच प्रकारच्या धारित्रांत असतात आणि सारख्याच गळतात. वाचलेल्या विजेचे मोल मोजता येते. हरवलेल्या नोंदीचे मोल मात्र ती नोंद कशाची होती यावर अवलंबून असते. पुनर्भरणाची मुदत वाढवावयाची ती हा भेद ओळखूनच.