आधी प्लॅन, मग अप्लाय

सकाळी सात. पहिलं वाचन रात्रीच्या अहवालाचं. मी हदगावातून काम करतो ती कंपनी पुण्याची, तिचे सर्व्हर मुंबईत, ॲमेझॉनने २०१६ साली सुरू केलेल्या रीजनमध्ये. सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क, कोणतं पोर्ट कुणासाठी उघडं, हे सगळं आम्ही साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवलं आहे. ओपनटोफू नावाचं मुक्त स्रोत साधन त्या फाइली वाचतं आणि क्लाउडमध्ये तसंच घडवतं. काय हवं ते आपण लिहायचं. कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर, ते साधन ठरवतं. ‘प्लॅन’ हा आदेश काय होणार ते आधी दाखवतो, ‘अप्लाय’ ते प्रत्यक्ष करतो.

क्लाउडमध्ये काय काय उभं केलं, याची या साधनाची स्वतःची एक नोंदवही असते, तिला स्टेट फाइल म्हणतात. आपल्या भागात सातबाऱ्यावर एक आणि बांधावर दुसरंच निघालं की काय होतं, ते सांगायला नको. इथंही तसंच. लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं यांतला फरक दाखवणाऱ्या आजच्या अहवालात दिसलं, की एका सर्व्हरचं २२ नंबरचं पोर्ट साऱ्या जगाला उघडं आहे आणि फाइलींत त्याचा पत्ता नाही. पुण्यातल्या सहकाऱ्याला फोन केला.

“दादा, रात्री सेवा बंद पडली होती. घरून आत शिरायला दुसरा रस्ता नव्हता, म्हणून हातानंच उघडलं.”

त्याचं कारण खरं होतं. पण पोर्ट उघडं ठेवायचं नव्हतं, म्हणून काहीच न बदलता अप्लाय चालवला. फाइलींत तो नियम नसल्यामुळे साधनाने तो काढून टाकला. रात्री-अपरात्री आत जायचा नीट रस्ता हवा, ही गरज मात्र कामाच्या यादीत लिहून ठेवली. हाताने केलेल्या बदलामागे बहुतेक वेळा अशी खरी गरज असते. नुसतं रागावून ती भागत नाही.

नऊ. लाइट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि राउटर चालतात, कामाचं काही अडत नाही. ॲमेझॉनशी बोलणारा साधनाचा जोडभाग, म्हणजे प्रोव्हायडर, शेकडो एमबीचा. तो इथल्या नेटवर रोज उतरवत बसलो तर दिवस तिथेच संपेल. म्हणून प्लॅन चालतो मुंबईतल्याच एका मशीनवर. माझ्याकडून जातो तो काही ओळींचा मजकूर, परत येतो तोही मजकूर. नांदेड-नागपूर रस्त्यावरच्या तालुक्याच्या गावात बसून हे काम होतं, ते सगळं लिहिलेलं असतं म्हणून.

अकरा ते एक. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, दुसऱ्याचा बदल तपासणं. टीममधल्या मुलीने फाइली नीटनेटक्या केल्या होत्या. डेटाबेसच्या ब्लॉकचं जुनं, काहीही अर्थ न सांगणारं नाव बदलून चांगलं ठेवलं होतं. फक्त कोडमधलं नाव. डेटाबेसला हातसुद्धा लावलेला नाही. वाचताना बदल निर्दोष दिसतो. प्लॅन मात्र सांगत होता: एक नवं होणार, एक नष्ट होणार.

साधनाच्या दृष्टीने जुन्या नावाची वस्तू फाइलींतून गेली, म्हणजे ती नको आहे. नवं नाव आलं, म्हणजे कोरी वस्तू हवी आहे. लोकांच्या ऑर्डरी, पत्ते, हिशेब, सगळं त्या लाल रंगातल्या उणे चिन्हामागे. ‘हे नष्ट होऊ देऊ नये’ अशी ओळ ब्लॉकमध्ये होतीच की, असं तिचं म्हणणं. पण ती ओळ ब्लॉकच्या आत असते. जुन्या नावाचा ब्लॉक गेला की त्या नावापुरता पहाराही उठतो. ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते, म्हणून मी फोनवर सावकाश समजावली. क्लाउडच्या बाजूने डेटाबेसवर वेगळं संरक्षण लावता येतं, ते आमच्याकडे लावलेलं आहे. पण त्याच्या भरवशावर असा प्लॅन पुढे जाऊ देणं मला मान्य नाही.

उपाय चार ओळींचा. ‘मूव्ह्ड’ नावाचा ब्लॉक लिहायचा: अमुक नावाची वस्तू आता तमुक नावाने ओळखायची. तिने तो लिहिला, प्लॅन पुन्हा चालला. नवं शून्य, बदल शून्य, नष्ट शून्य. मग मंजुरी दिली. करण्याआधी काय करणार ते सांगणारं साधन आपल्या हातात आहे, हे मोठं भाग्य आहे. पण ते सांगतं ते ओळीन् ओळ वाचणारा माणूस हवा.

दुपारी जेवण, मग अप्लाय. तो चालू असताना स्टेट फाइलला कुलूप असतं, दुसऱ्या कुणाला त्याच वेळी बदल करता येत नाही.

चार. एक जुना प्रकल्प टेराफॉर्मवरून ओपनटोफूवर आणला. टेराफॉर्म हॅशिकॉर्प कंपनीने २०१४ साली मुक्त परवान्याखाली आणलं. ऑगस्ट २०२३मध्ये कंपनीने परवाना बदलला. स्पर्धक उत्पादनांत ते वापरण्यावर बंधनं आली. जुन्या परवान्याचा कोड सर्वांचाच होता, त्यावरून ओपनटोफू उभं राहिलं, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली, आणि जानेवारी २०२४मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. आमच्यासारख्यांचं टेराफॉर्मवर काही अडलं नसतं. तरी ज्याच्या अटी एकट्या कंपनीला बदलता येतात, त्यावर सगळी घडी बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय स्टेट फाइलमध्ये पासवर्ड उघडे पडून राहतात. ओपनटोफूने २०२४मध्येच १.७ आवृत्तीत ती फाइल कुलूपबंद ठेवायची सोय दिली. स्थलांतरात आधी स्टेटची प्रत काढली, मग प्लॅन. काहीही बदल नाही असं उत्तर आलं, तेव्हाच पुढे गेलो.

साडेसहा. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेला, नांदेडला इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा येतो. घरी सोयाबीनची मळणी आटोपून आला होता. त्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही आणि क्लाउडच्या खात्याला बहुधा ते मागतात. कार्ड नसल्यामुळे कुणाचं शिकणं अडू नये. म्हणून त्याला स्वतःच्याच लॅपटॉपवर एक फाइल तयार करणारा लोकल प्रोव्हायडर दिला. खर्च काही नाही, रीत तीच.

त्याने लिहिलं, प्लॅन वाचला, अप्लाय केलं. फाइल झाली. मग पुन्हा अप्लाय केलं.

“दादा, यानं तर काहीच केलं नाही.”

“फाइल आहे का जागेवर?”

“आहे.”

“मग करायचं काय राहिलं?”

थोडा वेळ तो पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने फाइल हातानेच पुसली आणि न सांगता प्लॅन चालवला. एक नवं होणार, असं उत्तर आलं. उद्या लॅपटॉपवर कंटेनर चालवणारं डॉकर घालून आणतो, म्हणाला. दोन कंटेनर आणि त्यांच्यातलं नेटवर्क, तेवढं लिहून आणायला सांगितलं आहे.