स्क्रीन काळी पडली की लगेच ड्रायव्हरला शिव्या नकोत

गेम ऐन रंगात आलाय आणि स्क्रीन काळी! क्षणभराने डेस्कटॉप परत येतो, गेम मात्र गायब. यामागे विंडोजची टीडीआर नावाची यंत्रणा असते, व्हिस्टापासूनची. ग्राफिक्स कार्ड साधारण २ सेकंद प्रतिसाद देईना, की विंडोज ते अडकलं असं धरून ड्रायव्हर रीसेट करतं. रजिस्ट्रीत ही मुदत वाढवा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही, कारण कार्ड का अडकलं ते त्यातून कळतच नाही. (तासन्‌तास रेंडरिंग करणाऱ्यांची गोष्ट वेगळी.)

आधी इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टम लॉग उघडा. ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हर अडकून सावरला. अख्खा पीसीच रीस्टार्ट झाला आणि कर्नल-पॉवर ४१ दिसतंय? मग पॉवर सप्लाय आणि कार्डाची पॉवर केबल तपासा. ओव्हरक्लॉक केलं असेल तर काढून टाका. तापमान बघा, पंख्यावरची धूळ झाडा.

एवढं करूनही त्रास होत असेल, तर ड्रायव्हर. हवी ती आवृत्ती आधीच उतरवून ठेवा, इंटरनेट तोडा (नाहीतर विंडोज अपडेट मध्येच आपला ड्रायव्हर घुसवतं), सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या टूलने जुना साफ करा आणि मग नवा टाका. नवा म्हणजे ताजाच असं नाही हं; त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर मागची आवृत्तीच बरी.

आणि नुसती स्क्रीन गोठली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून बघा. ड्रायव्हर रीसेट होतो, उघडी कामं बहुधा वाचतात.