वाफेची मोटार, झाशी बनावटीची

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा घोडाच उभा राहतो. पाठीशी दामोदर बांधलेली राणी आणि झेपावणारा घोडा. शाळेच्या पुस्तकापासून चौकातल्या पुतळ्यापर्यंत हेच चित्र. पण या राणीच्या गोष्टीत एकदा एक हत्तीही शिरला होता, आणि तो हाडामांसाचा नव्हता, पोलादाचा होता!

१८८० साली फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांची ‘वाफेचे घर’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी पुस्तकरूपाने आली. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी मुलांच्या चांगल्या ओळखीचे झाले. तरी या कादंबरीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. त्यात बँक्स नावाचा इंजिनिअर भूतानच्या राजासाठी वाफेवर चालणारा हत्ती तयार करतो. राजा तो ताब्यात घेण्याआधीच मरण पावतो. मग हा वीस फुटी हत्ती सोंडेतून धूर सोडीत, डोळ्यांच्या जागी दिवे मिरवीत, चाकांवरची दोन घरे ओढत कलकत्त्याहून उत्तर हिंदुस्थानच्या सफरीवर निघतो. प्रवाशांमध्ये कर्नल मन्रो नावाचा एक इंग्रज आहे. झाशीची राणी याच्याच हातून मारली गेली असे व्हर्नने ठरवून टाकले आहे, आणि त्याचा सूड घ्यायला नानासाहेब टपलेले आहेत. इतिहासात असला कोणी मन्रो नाही. राणी लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथील लढाईत धारातीर्थी पडल्या.

इतिहास बाजूला ठेवला, तर हा हत्ती मात्र मोठा झकास आहे. जगभरच्या छंदिष्टांमध्ये आज ज्याला ‘स्टीमपंक’ म्हणतात, त्याचा तो एक आजोबाच. हा शब्द १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने गमतीने वापरला आणि तो रूढ झाला. कल्पना सोपी आहे. समजा, पेट्रोल आणि वीज मागेच राहिली आणि वाफेचेच राज्य चालू राहिले, तर मोटारी, विमाने, घड्याळे कशी दिसली असती? तांबे, पितळ, रिव्हेटच्या रांगा, चामड्याच्या बैठका आणि धुराडे. व्हर्न यांच्या जन्मगावी, फ्रान्समधल्या नांत शहरात, २००७ पासून बारा मीटर उंचीचा एक यांत्रिक हत्ती पाठीवर माणसे घेऊन फिरतो आणि सोंडेने बघ्यांवर पाणी उडवतो. इतके मोठे काम घरी कोण करणार? पण लहान प्रमाणातली वाफेची मोटार, तयार किट न आणता अगदी मुळापासून, घरच्या टेबलावर करता येते.

पहिली मोटार खेळण्याएवढीच होती

वाफेच्या वाहनाचा इतिहासच मुळी लहान मॉडेलपासून सुरू होतो. फर्डिनांड फेर्बीस्ट हा जेझुइट पाद्री चीनच्या कांगशी बादशहाच्या दरबारी होता. १६७२ च्या सुमारास त्याने जेमतेम दोन फूट लांबीची एक गाडी केली. लहानशा बॉयलरमधून सुटणारा वाफेचा झोत पात्यांच्या चाकावर आदळे आणि गाडी चाले. तिच्यात माणूस बसणे शक्यच नव्हते. पुढे १७८४ मध्ये विल्यम मर्डॉक याने इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या रेडरूथ गावी तीन चाकांचे मॉडेल केले. खाली स्पिरिटचा दिवा, वर बॉयलर. रात्रीच्या अंधारात फुसफुसत येणारे हे धूड पाहून गावचे पाद्रीबुवा सैतान समजून घाबरले, असे सांगतात.

आपल्याकडेही वाफेची वाहने रस्त्यावर धावली आहेत. आर. ई. बी. क्रॉम्प्टन या इंग्रज अधिकाऱ्याने शाळेत असतानाच, सुट्ट्यांमध्ये, घरी वाफेची गाडी बांधायला घेतली होती. पुढे हिंदुस्थानात नेमणूक झाल्यावर त्याने सरकारला पटवून रबरी टायरची वाफेची रस्ता-इंजिने मागवली आणि १८७० नंतरच्या वर्षांत ती पंजाबात चालवली. म्हणजे व्हर्नचा हत्ती कागदावर उतरला, त्याआधीच खरी वाफ आपल्या रस्त्यांवर येऊन गेली होती.

झाशीला वाफ आली ती रुळांवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंडियन मिडलँड रेल्वेने झाशीला मोठे जंक्शन केले, कारखाना उभारला. पुढे हा सारा पसारा जी.आय.पी. आणि मग मध्य रेल्वेकडे आला. २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वे वेगळी होईपर्यंत झाशीचे मुख्यालय मुंबईच होते! पंजाब मेलने कधी दिल्लीकडे गेलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने झाशीच्या फलाटावरचा चहा घेतलेला असतो. १९९५ च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरची वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा संपली. बॉयलरच्या आवाजावरून आतली तब्येत ओळखणारे कान त्याबरोबर निवृत्त झाले. ज्याच्या घरात किंवा शेजारी असे कुणी आजोबा असतील, त्याने मॉडेलची पहिली रेघ मारण्याआधी त्यांच्याजवळ तासभर बसावे. इतके शिक्षण कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

पाणी कुठे आहे?

स्टीमपंकच्या नावाखाली पुष्कळदा काय होते? जुन्या घड्याळातली दातेरी चाके काढायची आणि मोटारीवर जागा दिसेल तिथे चिकटवायची. जे चाक कशालाच फिरवत नाही, ते यंत्राचा भाग कसे? त्याला फार तर ब्रोच म्हणता येईल. मोटार काल्पनिक असली तरी तिला चार प्रश्नांची खरी उत्तरे देता आली पाहिजेत. पाणी कुठे आहे? आग कुठे आहे? वाफ चाकापर्यंत कशी पोचते? आणि काम झाल्यावर ती जाते कुठे?

बुंदेलखंडासारख्या कोरड्या मुलखात यातला पहिला प्रश्न सर्वांत कठीण. अमेरिकेतली ‘स्टॅन्ली’ ही सर्वांत प्रसिद्ध वाफेची मोटार. १९०६ मध्ये तिच्या शर्यतीच्या गाडीने ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेग गाठला होता. पण तिला दर मैलाला साधारण गॅलनभर पाणी लागे, कारण वापरलेली वाफ सरळ हवेत सोडलेली. रस्त्याकडेच्या घोड्यांच्या हौदांतून नळीने पाणी ओढून घ्यायचे, हाच चालकांचा रिवाज. १९१४ मध्ये जनावरांत लाळ-खुरकताची साथ आली, हौद बंद झाले आणि स्टॅन्ली गाड्या तहानेने अडल्या. पुढच्याच वर्षी कंपनीला वाफ थंड करून पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर बसवावा लागला.

आता हाच हिशेब झाशीला लावून पाहा. झाशी ते ग्वाल्हेर सुमारे शंभर किलोमीटर. कंडेन्सर नसेल तर सुमारे २४० लिटर पाणी हवे. म्हणजे आपल्या काल्पनिक मोटारीच्या तोंडाशी मोठा जाळीदार कंडेन्सर पाहिजे, बैठकीखाली टाकी पाहिजे, आणि बाजूला भिस्त्याची पखालही लटकलेली पाहिजे. अशी मोटार पाहताच माणूस म्हणेल, ही लंडनची नव्हे, इथलीच! चालकाच्या जागी टोपीवाला साहेब बसवण्याचेही कारण नाही. कारखान्यातले फिटर, खलाशी, भट्टीवाले इथलेच होते. मुंडासे बांधलेला मिस्त्री चाकावर बसवावा.

सोळा पट लहान

प्रमाण कोणते घ्यावे? नवख्याला १:१६ सोयीचे. माणूस साडेदहा सेंटिमीटरचा होतो, चार मीटरची मोटार पंचवीस सेंटिमीटरची. भाग फार बारीक नसतात आणि मॉडेल शोकेसमध्येही मावते. आधी आलेखाच्या कागदावर मॉडेलच्याच आकाराची तीन चित्रे काढावीत: बाजूने, समोरून आणि वरून. इथे घाई केली की पुढे धुराडे चालकाच्या डोक्यात येते.

बॉयलरला ४० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप पुरतो. खऱ्या मापात ते सव्वादोन फुटांच्या आसपासचे पिंप झाले. त्यावर तांब्याचा अगदी पातळ पत्रा गुंडाळायचा. गुंडाळण्याआधी पत्रा जुन्या वहीवर उलटा ठेवावा आणि पट्टीच्या कडेने, दर तीन मिलिमीटरवर, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबत जावे. सुलट्या बाजूला रिव्हेटची रांग उठते. रांग वाकडी गेली तर तो पत्रा टाकून दुसरा घ्यावा. डोळा सगळ्यांत आधी तिथेच अडखळतो.

सर्वांत अधिक वेळ चाके खातात. ७५ मिलिमीटरच्या पाइपच्या चकत्या हॅकसॉने कापून पॉलिशपेपरवर सपाट कराव्यात. कागदावर वर्तुळ काढून दर ३० अंशांवर रेघ मारली की बारा आऱ्यांच्या जागा मिळतात. हा कागद फळीवर चिकटवून चकती त्यावर पक्की बसवावी, मधोमध तुंबा ठेवावा आणि बांबूच्या काड्या एकेक करून, समोरासमोरच्या जोडीने लावाव्यात. एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत गेले तर तुंबा हळूहळू सरकतो आणि चाक लंगडे होते. चारही चाके त्याच फळीवर करावीत.

बाकीचा ऐवज घरातच सापडतो. पाण्याची पातळी दाखवणारी काच म्हणजे रिकाम्या रिफिलचा तुकडा, दाब दाखवणारे घड्याळ म्हणजे शर्टचे बटण, पखाल आणि बैठका जुन्या चामडी पाकिटातून, दिवे बॅटरीच्या बल्बचे. पाण्याच्या टाकीचे गणितही गमतीचे आहे. लांबी सोळा पट घटली की आकारमान सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४०९६ पट घटते. ती २४० लिटरची टाकी मॉडेलमध्ये खोकल्याच्या औषधाच्या ६० मिलिलिटरच्या बाटलीएवढी होते! भंगाराच्या दुकानात पितळेच्या नळ्या, खिळे मिळतात. मात्र रेल्वेचा शिक्का असलेला तुकडा कितीही मोहक दिसला तरी घेऊ नये. १९६६ च्या कायद्याने रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा गुन्हा आहे.

खरी वाफ?

मॉडेल पुरे होत आले की घरातले कुणीतरी विचारतेच, “पण ही चालते का?”

वर सांगितलेली मोटार शोभेची आहे. तिच्यातल्या पीव्हीसीला आगीजवळही नेऊ नये. ज्यांना खरी वाफ हवी, त्यांनी निराळे मॉडेल करावे, तेही लेथ आणि चांदीचा डाख जाणणाऱ्या कारागिराच्या हाताखाली. बॉयलर जाड तांब्याच्या नळीचा हवा; कथिलाचा साधा डाख उष्णतेने सुटतो. सिलिंडर डुलणारा घेतला तर वेगळी झडप लागत नाही, तो डुलतानाच वाफेची वाट उघडतो आणि मिटतो. सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. बॉयलर पहिल्यांदा आगीवर ठेवण्याआधी तो थंड पाण्याने पूर्ण भरून पंपाने नेहमीच्या दुप्पट दाब देऊन पाहतात. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर नुसती चिळकांडी उडते. तेच वाफेने झाले तर? एक माप पाण्याची सोळाशेहून अधिक मापे वाफ होते. डबे, बाटल्या, बंद पत्र्याचे पिंप यांत पाणी उकळून ‘प्रयोग’ करणाऱ्या मुलांना त्यासाठीच वेळीच आवरले पाहिजे. दिवसाउजेडी स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही, हेही घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवावे.

व्हर्नला हे पक्के ठाऊक होते. त्याच्या कादंबरीचा शेवट असाच होतो. व्हॉल्व्ह दाबून ठेवलेले, बॉयलर तापतच चाललेला, आणि तो पोलादी हत्ती स्फोटाने फुटून जातो.

ज्यांना इतका धोका नको आणि तरीही मॉडेल हलताना पाहायचे आहे, त्यांना एक शाही उदाहरण जवळच आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी धावत असे. इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीने ती बनवली. डब्यांवर ‘सिंदिया’ नावाची एकेक अक्षरे आणि डब्यांत मद्याच्या सुरया. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे. ती चाले विजेवर, वाफेवर नव्हे. पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांच्या १९९८ मध्ये उघडलेल्या लघुरेल्वे संग्रहालयातही सारे शहर विजेवरच हलते. तेव्हा बैठकीखाली खेळण्यातली लहान मोटर बसवायला मुळीच लाजू नये.

रंगाचे काम शेवटी. आधी काळा, मग कोरड्या ब्रशने कडांवर तांबूस, चाकांच्या आसपास विटेची पूड. बुंदेलखंडाची धूळ तशीच असते. उरते ती नावाची पाटी. क्रॉम्प्टनच्या इंजिनांना ‘चिनाब’, ‘रावी’ अशी पंजाबच्या नद्यांची नावे होती. झाशीजवळ बेतवा आहे, आणि शहराला लागून वाहणारी लहानशी पहूजही आहे. इतकी तहान असलेल्या मोटारीला ‘पहूज’ हे नाव शोभून दिसेल.