छोट्या वाक्यांचं इंग्रजी

सिन्नरच्या माळेगाव किंवा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी शोधणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी येत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. ते पुरतं खरं नाही. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. मशीन, बेअरिंग, शिफ्ट हे शब्द तर आपल्या मराठीतच मुरले आहेत. तरीही मुलाखतीत इंग्रजीतून प्रश्न आला की हातात कसब असलेला मुलगा गप्प बसतो, आणि नोकरी दुसऱ्याला मिळते.

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा वाक्याच्या बांधणीत. मराठीत क्रियापद शेवटी येतं. कधी, कुठे, कशामुळे हे सगळं आधी सांगून मग काय झालं त्यावर आपण येतो. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद लागतं. हे वाक्य पाहा : ‘काल रात्रपाळीत जे मशीन बंद पडलं, त्याचं बेअरिंग गरम झाल्यामुळे आम्ही ते परत चालू केलं नाही.’ मराठीत किती सहज! पण हेच मनात धरून शब्दाला शब्द लावायला गेलं, की ‘जे’ आणि ‘त्याचं’ यांच्या मध्येच माणूस अडकतो.

त्याचे तुकडे करा. ‘द मशीन स्टॉप्ड लास्ट नाइट. द बेअरिंग वॉज हॉट. वुई डिड नॉट स्टार्ट इट अगेन.’ तीन वाक्यं, प्रत्येकात एकच गोष्ट. साहेबाला सगळं कळलं. यात कमीपणा काहीच नाही. परीक्षेच्या निबंधात जड शब्दांना शाबासकी मिळते, म्हणून सोपं बोलणं म्हणजे कच्चं बोलणं, असा आपला समज झालेला आहे, इतकंच.

मात्र सोपं म्हणजे कसंही नव्हे. ‘अ’ आणि ‘द’ चुकले तर फारसं बिघडत नाही. त्यासाठी थांबू नका. काळ मात्र सांभाळा. ‘आय चेक्ड इट’ म्हणजे तपासलं आणि ‘आय विल चेक इट’ म्हणजे तपासणार आहे. कारखान्यात एवढ्या फरकाने अपघात होऊ शकतो.

नभोवाणीवर हा प्रयोग फार पूर्वी झाला आहे. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९५९ साली ‘स्पेशल इंग्लिश’ नावाचे कार्यक्रम सुरू केले. सुमारे १५०० शब्द, आखूड वाक्यं आणि सावकाश वाचन. तेवढ्या भांडवलावर जगभरच्या बातम्या सांगितल्या गेल्या. आपल्याला तर फक्त आपलं काम सांगायचं असतं!

सवयीसाठी रोज संध्याकाळी दिवसभरात काय केलं ते पाच वाक्यांत मोठ्याने सांगा. आधी मराठीत जुळवायला बसू नका. ‘आय’ म्हणा आणि लगेच क्रियापद घ्या : आय वेंट, आय मेट, आय रिपेअर्ड. बाकीचं मागून येऊ द्या. समोरच्याचं बोलणं समजलं नाही तर मान डोलावू नका. ‘प्लीज से इट अगेन, स्लोली’ म्हणा. आकडे ऐकताना तर हे हवंच. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ कानाला जवळजवळ सारखेच वाटतात. म्हणून वैमानिक रेडिओवर आकडे सुटे करून सांगतात : ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झिरो’. मापं सांगताना तुम्हीही तसंच सांगा.